मीटरवर बारा व्होल्ट, तरी ठिणगी नाही: एका पद्मिनीचं इग्निशन प्रकरण

गाडी १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. साताऱ्यात तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो, पॉइंट-कंडेन्सरवर चालणारं इग्निशन: पॉइंट नावाचे कॉन्टॅक्ट मिटले की कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की कॉइल प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते. मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वडीलधारे आहेत, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ते गाडीचे तिसरे मालक, आणि पहिल्या दोघांनी गाडीत काय काय उद्योग करून ठेवले याची त्यांना कल्पना नव्हती.

तक्रार ऐकायला सोपी होती. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू. वाईपर्यंत काही कुरकुर नाही. वाई सोडून पाचगणीला निघालं की पसरणी घाटात निम्म्यावर कुठेतरी एकदम बंद. सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन उचलत नाही. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मग कधी पाचगणीपर्यंत नीट, कधी दोन वळणांवर परत तेच.

काकांना नोंदी ठेवायची सरकारी सवय. डॅशबोर्डच्या खणात एक डायरी असते आणि तिच्यात पेट्रोल, किलोमीटर, चाकातली हवा, बदललेले पार्ट आणि बंद पडण्याची जागा, सगळं तारीखवार. ती वाचूनच निम्मं काम झालं. सुरू केल्यापासून अर्ध्या तासाच्या आत गाडी कधीच बंद पडली नव्हती. टाकीत पेट्रोल किती होतं, याचा बंद पडण्याशी काही संबंध दिसत नव्हता. आणि मध्येच एका पानावर ‘कॉइल बदलली, गाडी उत्तम’ अशी नोंद होती. तिच्यानंतर बरेच दिवस तक्रार नव्हती, आणि मग आधीपेक्षा वाईट तक्रारी सुरू झाल्या होत्या. या शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यांनी काणाडोळा केला होता. खरं तर प्रकरणाची किल्ली तिथेच होती.

आधी काय काय झालं होतं

पहिल्या मिस्त्रींनी पेट्रोल पंप धरला. त्यांना हसायचं कारण नाही. पद्मिनीचा पंप यांत्रिक, थेट इंजिनला बोल्ट केलेला. उन्हाळ्यात घाट चढताना तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. यावरचा आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. काकांनीही तेच केलं आणि गाडी सुरू झाली, त्यामुळे निदान पक्कं झालं. पण फडकं ओलं करून, पिळून, गुंडाळून, पाण्याची बाटली परत जागेवर ठेवेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात पंपच काय, बॉनेटखालचं सगळंच निवतं. गुण फडक्याचा की थांबण्याचा, हे तपासायला एकदा फडक्याशिवाय थांबून बघायला हवं होतं. ते कुणी केलं नाही. पंपाचा डायफ्राम मात्र बदलला गेला.

मग प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ठिणगी एकेका प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर. मग कॉइल. मग ती काढून जुनी कॉइल परत. कंडेन्सर आणि कॉइल दोन्हींवर संशय घेणं रास्तच आहे. कंडेन्सर तापल्यावर आतून गळायला लागतो. कॉइलची बारीक तार तापून कुठेतरी सुटते आणि गार झाली की पुन्हा चिकटते. म्हणजे पंप, कॉइल, कंडेन्सर आणि वायरिंगमधला एखादा खराब सांधा, या चौघांचं लक्षण बाहेरून अगदी एकच दिसतं: गरम झाली की बंद, गार झाली की चालू. नुसत्या लक्षणावरून पार्ट बदलत गेलं तर तिसऱ्या-चौथ्या पार्टपर्यंत दोष सापडेलही, पण तो नशिबाने.

वायरिंग कुणी तपासलंच नव्हतं असंही नाही. एका वायरमनने टेस्ट लॅम्प लावून कॉइलपर्यंत ‘करंट येतोय’ असं सांगितलं होतं. दुसऱ्याने मीटर लावला, बारा व्होल्ट आले, आणि वायरिंगचं नाव यादीतून कटाप झालं.

घाटात

मी काकांना पहिला प्रश्न विचारला तो बंद पडतानाच्या वागण्याबद्दल. पेट्रोल कमी पडलं की गाडी आचके देते, जोर उतरतो, ॲक्सिलरेटर पंप केला तर क्षणभर उचलते आणि मग मरते. ठिणगी गेली तर कुणी किल्ली काढून घेतल्यासारखी बंद होते.

“थोडं थोडं दोन्ही आहे रे,” काका म्हणाले. “वळणावर तिसऱ्या गिअरात दाबली की आधी फुरफुरते. मग एकदम जाते. आचके नाहीत.”

कमजोर ठिणगीचं वर्णन यापेक्षा चांगलं करता येणार नाही. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर जेमतेम पुरणारी ठिणगी घाटात पुरत नाही. म्हणून आधी मिसिंग, आणि दोष आणखी वाढला की पूर्ण बंद.

गॅरेजमध्ये गाडी उभी करून हा दोष सापडणार नव्हता. सरळ पसरणी घाट गाठला. गाडीने निराश केलं नाही. रस्त्याच्या कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि निवायच्या आत बॉनेट उघडलं.

कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मधली जाड वायर कॅपमधून काढली आणि तिचं टोक इन्सुलेशनच्या पकडीने धरून इंजिनच्या कोऱ्या लोखंडापासून सहा-सात मिलिमीटरवर ठेवलं. काकांनी सेल्फ मारला. ठिणगी पडत होती, पण नारिंगी, केसाएवढी, आणि मधूनच गायब. निरोगी ठिणगी निळसर पांढरी असते आणि तिचा ‘टक् टक्’ आवाज सेल्फच्या आवाजातही ऐकू येतो. इथे आवाज नव्हताच.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची, आणि तिला लागते फक्त एक वायर. दोन्ही टोकांना क्लिप, मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज. कॉइलची जाड वायर कॅपमध्ये परत बसवून घेतली आणि या क्लिपवाल्या वायरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉइलच्या प्लसला. किल्ली, स्विच, डॅशबोर्डमागचं सगळं जंजाळ वगळून कॉइलला थेट बॅटरीतून करंट. काकांनी सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू झालं. फडकं नाही, थांबणं नाही. क्लिप काढली की दहा-वीस सेकंदांत फुरफुरून बंद, लावली की चालू.

(ही युक्ती वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं: किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही, क्लिपच ओढावी लागते. आणि ज्या गाडीत कॉइलच्या आधी रेझिस्टर दिलेला असतो तिथे अशी थेट वायर फार वेळ ठेवायची नाही.)

या एका चाचणीत किती जण एकदम निर्दोष सुटले ते बघा. पंप तेवढाच तापलेला, कॉइल तेवढीच गरम, कंडेन्सर, पॉइंट, कॅप, रोटर, प्लग सगळे होते तसेच. बदललं फक्त एवढंच की करंट वेगळ्या वाटेने आला. म्हणजे दोष बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंतच्या वाटेत, इतरत्र कुठेच नाही. काकांच्या पिशवीतले सगळे नवे पार्ट या वाटेच्या पलीकडचे होते.

भार टाकून मोजणी

मग मीटर खोटं बोलत होता का? नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

किल्ली चालू करून कॉइलच्या प्लसवर मीटर लावला तेव्हा १२.२ व्होल्ट आले. बॅटरीवर १२.३. कुणीही म्हणेल वायरिंग ठीक आहे. पण त्या क्षणी इंजिन ज्या जागी थांबलं होतं, तिथे पॉइंट उघडे होते. पॉइंट उघडे म्हणजे कॉइलमधून प्रवाह शून्य, आणि प्रवाहच नसेल तर खराब सांध्यावर व्होल्टेज पडणार कसं? पाण्याच्या पाइपात बोळा अडकलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दाखवतो, तसं हे.

कॉइलच्या मायनसवरून एक तार गाडीच्या बॉडीला टेकवली. हे पॉइंट मिटल्यासारखंच झालं. इंजिन फिरवत बसायला नको. त्याच जागी, त्याच मीटरवर आता ९.२.

३.१ व्होल्ट वाटेत गेले. तापलेल्या कॉइलचा प्रायमरी रोध, म्हणजे बॅटरीचा करंट ज्यातून वाहतो त्या वेढ्याचा रोध, ३.८ ओहम भरला. गार असताना तो ३.२ होता, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे कॉइल पन्नास अंशांनी तापली की एवढा फरक पडतोच. ९.२ व्होल्टला कॉइलमधून साधारण २.४ अँपिअर वाहतात. वाट स्वच्छ असती तर ३.१ वाहिले असते. फरक पाऊण अँपिअरचा वाटतो, पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत बदलते. हिशेब केला तर ठिणगीची जवळपास चाळीस टक्के ताकद गेलेली.

आणि ही झाली सेल्फ न मारतानाची स्थिती. सेल्फ फिरताना बॅटरीच ९.८ वर येत होती. त्यातून वाटेतला तोटा वजा केला तर कॉइलच्या हातात साडेसात व्होल्टही उरत नव्हते. घाटात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून का उचलत नव्हती आणि धक्का मारला की कधीकधी का उचलायची, याचं उत्तर इथे आहे.

टेस्ट लॅम्पचीही तीच कथा. वायरमनच्या हातातला दिवा तीन वॉटचा. तो पाव अँपिअर ओढतो. सव्वा ओहमच्या अडथळ्यातून पाव अँपिअर गेला तर जेमतेम तीस शतांश व्होल्ट कमी होतात, आणि दिवा झगझगीत पेटतो. त्याच होल्डरमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब लावला असता तर तो पावणेदोन अँपिअर मागतो. तो मलूल पेटला असता आणि कुणाच्याही नजरेत भरलं असतं. माझ्या पेटीत तेव्हापासून नव्हे, आधीपासूनच एकवीस वॉटचा आहे. मीटरपेक्षा तो जास्त वेळा बाहेर निघतो.

मीटर-दिवा काहीही जवळ नसेल तरी एक खूण डॅशबोर्डवरच असते. किल्ली चालू, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, अशा वेळी चार्जिंगच्या लाल दिव्याकडे बघायचं आणि दुसऱ्याला कॉइलच्या प्लसची वायर काढायला सांगायचं. वायर काढल्याबरोबर लाल दिवा ठळकपणे उजळला, तर किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या आधी कुठेतरी व्होल्टेज अडतंय. या गाडीत दिवा उजळला. काका म्हणाले, “तो घाटात मंद वाटायचा. मला वाटलं उन्हामुळे.”

आता ३.१ व्होल्टचा हिशेब तुकड्यातुकड्याने. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवली आणि काळी पिन वाटेने पुढे सरकवत नेली. मायनसची तार अर्थातच बॉडीला टेकलेली, म्हणजे प्रवाह चालू. बॅटरीपासून स्विचच्या आत येणाऱ्या पिनेपर्यंत ०.३ व्होल्ट: एवढ्या जुन्या गाडीत चालून जाईल. स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पिनेपर्यंत १.३, म्हणजे एकट्या स्विचमध्ये एक व्होल्ट गेला. निरोगी स्विचमध्ये तो ०.२ च्या वर जाऊ नये. आणि तिथून कॉइलपर्यंतच्या हातभर-दीड हात वायरीत उरलेले १.८. चांगल्या वायरीत इथे शतांशात मोजावं लागतं.

दोष एक नव्हता, दोन होते. म्हणूनच एखाद्याने नुसता स्विच बदलला असता तरी गाडी थोडी सुधारली असती, आणि मे महिना येताच पुन्हा रुसली असती.

चोर स्विच

स्विचपासून निघालेली वायर इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून बाहेर यायला हवी होती, सरळ कॉइलकडे. ती सरळ येत नव्हती. डॅशबोर्डखाली हात घातला तर तिला फाटा फुटलेला. पांढऱ्या घरगुती वायरीची जोडी खणाच्या खालून पत्र्यापर्यंत गेलेली आणि पत्र्याच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, टेपची एक जाड गाठ.

टेप उलगडला. टेप म्हणजे आता चिकट काळा डिंक झाला होता. आत तांब्याची दोन टोकं नुसती एकमेकांत पिळलेली. डाख नाही, टर्मिनल नाही. बाहेरच्या तारा हिरव्या, आतल्या काळ्या, आणि वायरीचं प्लास्टिक दोन बोटं लांबीपर्यंत तपकिरी होऊन तडकलेलं. पिळा बोटांनी हलवल्याबरोबर बऱ्याच तारा तुटून हातात आल्या. करंट उरलेल्या तीन-चार तारांतून चालला होता.

खणाच्या खाली पत्र्याला एक गोल भोक आहे, टॉगल स्विचच्या मापाचं. उलगडा झाला. जुन्या फियाटचं दाराचं आणि इग्निशनचं कुलूप घासलेल्या कुठल्याही किल्लीने उघडतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून पूर्वीच्या कुणा मालकाने कॉइलची वायर कापून मध्ये लपवलेला चोर स्विच बसवला होता. पुढे गाडी विकताना किंवा स्विच बिघडल्यावर तो काढून टाकला आणि उघडी राहिलेली टोकं पिळून टेप मारला. तेवढ्यापुरतं बरोबरच होतं. गाडी सुरू झाली असणार, व्यवहारही झाला असणार. मग पाचगणी-वाईचे पावसाळे त्या गाठीत मुरत राहिले.

सांधा खराब होण्याची गती एकसारखी नसते, हे इथे सांगायला हवं. तांबं काळं पडलं की रोध वाढतो, रोध वाढला की तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने तांबं आणखी काळं पडतं. वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि मग एका हंगामात सगळं बिघडतं. २.४ अँपिअर गुणिले १.८ व्होल्ट म्हणजे चार वॉटपेक्षा थोडं जास्त. एवढ्याशा गाठीत, टेपच्या आत, इंजिनच्या धगीत.

‘कॉइल बदलली, गाडी उत्तम’

काकांनी काढलेले सगळे पार्ट बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. मधल्या काळात लावलेली ती दुसरी कॉइल मोजली. प्रायमरी रोध १.५ ओहम. तिच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलंही होतं की ही बाहेरून रेझिस्टर लावूनच वापरायची.

अशा कॉइली ज्या गाड्यांसाठी असतात त्यांत किल्ली आणि कॉइलच्या मध्ये कारखान्यानेच एक रेझिस्टर दिलेला असतो. सेल्फ मारताना तो वगळला जातो, म्हणून ठिणगी जोरकस. पद्मिनीत तसा रेझिस्टर नाही. तिला तीन-साडेतीन ओहमची साधी कॉइल लागते. ही दीड ओहमची कॉइल पद्मिनीत थेट लावली तर प्रवाह आठ अँपिअरवर जायला हवा. कॉइल उकळायला हवी, पॉइंट पहिल्या आठवड्यात जळायला हवेत.

तसं झालं नाही. गाडी ‘उत्तम’ चालली. कारण जो रेझिस्टर गाडीत नव्हता, त्याचं काम तो सडका सांधा आणि झिजलेला स्विच करत होते. आज मोजलेला १.३ ओहमचा अडथळा धरला, तर दीड ओहमच्या कॉइलमधून साधारण ४.४ अँपिअर वाहत असणार. म्हणजे ठिणगी दणदणीत. आणि त्याच वेळी सांध्यात तयार होणारी उष्णता चार वॉटवरून चौदाच्या घरात. चालत्या इंजिनात प्रवाह तुटक वाहतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे कमी, पण वाढ तिपटीचीच. वायरीचं प्लास्टिक त्या काळात भाजलं गेलं. स्विचच्या आतला कॉन्टॅक्टही तेव्हाच काळा झाला असणार. मग गाडी पुन्हा बंद पडू लागली, नव्या कॉइलवर खापर फुटलं, जुनी कॉइल परत आली. आणि जुन्या कॉइलला आता आधीपेक्षा कितीतरी वाईट वाट मिळाली.

डायरीतल्या तारखांशी हे तंतोतंत जुळतं. बदललेला पार्ट चालला म्हणजे काढलेला पार्ट खराबच होता असं होत नाही, याचा असा धडधडीत पुरावा क्वचित हाती लागतो. डब्यातला कंडेन्सरही मी तपासला. ठणठणीत होता.

दुरुस्ती

स्विचपासून कॉइलपर्यंत नवी वायर, एका तुकड्यात, मध्ये कुठेही सांधा नाही. प्रवाहासाठी दीड चौरस मिलिमीटर पुरते. मजबुतीसाठी अडीचची घेतली. वाहनांसाठी मिळणारी बारीक तारांची लवचीक वायर, घरगुती नव्हे: घरगुती वायरीतल्या जाड तारा कंपनांनी मोडतात आणि तिचं प्लास्टिक तेलाला टिकत नाही. दोन्ही टोकांना दाबून बसवलेली टर्मिनल, वर आकसणारी स्लीव्ह, आणि पत्र्याच्या भोकात नवं रबरी ग्रॉमेट, कारण तिथे वायर घासून शॉर्ट झाली तर या वाटेत फ्यूज नाही. जुन्या फियाटमध्ये इग्निशनला फ्यूज न देण्यामागे विचार आहे, फ्यूज उडून घाटात इंजिन बंद पडू नये हा. मला तो पटतो, पण मग वायर निर्दोषच असायला हवी.

स्विचचं थोडं अवघड गेलं. बाजारात मिळणारे नवे स्विच हातात घेतले की कळतं: पितळ पातळ, स्प्रिंग मऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली, आणि तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता जो माल येतो तो हौशी लोकांसाठी, थोडा आणि हलका. म्हणून जुनाच स्विच उघडला. मागचे पत्र्याचे कान हळूच वाकवले की तो उघडतो. आतली स्प्रिंग उडून जाऊ नये म्हणून हे काम पिशवीत हात घालून करायचं. पितळी पाकळीवर जिथे करंट उतरतो तिथे काळा खड्डा पडलेला होता. बारीक काच कागदाने तो साफ केला, पाकळी किंचित वाकवून दाब वाढवला, परत बसवला.

काका रिलेबद्दल विचारत होते. किल्लीच्या स्विचने फक्त रिले चालवायचा आणि कॉइलला करंट बॅटरीतून रिलेमार्फत द्यायचा, म्हणजे स्विचवर भार नाही. कल्पना वाईट नाही. पण तीन अँपिअरसाठी आणखी चार टर्मिनल आणि एक हलता पार्ट वाढवायला मी तयार नव्हतो. दिव्यांना रिले लावा, तिथे फायदा आहे.

पॉइंट मात्र बदलावे लागले. दीड ओहमच्या कॉइलने त्यांच्यावर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा करून ठेवला होता. फिलर गेजने ०.४५ मिलिमीटर गॅप लावला. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकतं, त्यामुळे तेही पुन्हा जुळवलं. बॅटरीच्या टर्मिनलांवरची पांढरी बुरशी साफ केली, आणि इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी काढून, घासून, परत आवळली. तिच्यात दोष नव्हता, पण हात तिथे होताच.

नंतरची मोजणी, इंजिन पूर्ण तापलेलं, कॉइलचं मायनस बॉडीला: बॅटरी १२.३, कॉइल ११.९. सेल्फ फिरताना बॅटरी ९.९, कॉइल ९.५. ठिणगी निळी, आवाजासह. पसरणी घाट तिसऱ्या गिअरात चढला; काकांनी मुद्दाम दुपारी दोनची वेळ निवडली होती.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून पॉइंटची कटकटच संपवावी का, असंही त्यांनी विचारलं. बसवा, हरकत नाही. पण आधीच्या वायरिंगवर ते बसवलं असतं तर गाडी आणखी लवकर बंद पडली असती, कारण त्या मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेज लागतंच आणि सेल्फ मारताना सात-साडेसातला बरीचशी मॉड्यूल गप्प बसतात. पॉइंट निदान फुरफुरत तरी होते. काकांनी सध्या पॉइंटच ठेवलेत.

चोर स्विच मात्र त्यांना परत हवा होता. गाडी रात्री रस्त्यावर असते, आणि किल्लीच्या कुलपाचा भरवसा नाही हे खरंच आहे. बसवला, पण वेगळ्या जागी. कॉइलच्या प्लसची वायर कापून मध्ये नाही, तर कॉइलच्या मायनसवरून एक वेगळी वायर नेऊन लपवलेल्या टॉगलमधून बॉडीला. टॉगल मिटला की पॉइंट सतत मिटल्यासारखे राहतात, ठिणगी उडत नाही. उघडला की तो इग्निशनच्या वाटेत नाहीच. उद्या त्याचे कॉन्टॅक्ट गंजले, स्क्रू ढिला झाला, तरी गाडीवर काही परिणाम नाही. यात तोटा एकच: टॉगल मिटलेला असताना किल्ली चालू राहिली तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहतो आणि ती तापते. चोराने तशी ठेवली तर कॉइल जाईल, गाडी राहील. काकांनी स्वतः तशी ठेवू नये म्हणून डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनीच लाल शाईने लिहून ठेवलंय: आधी टॉगल, मग किल्ली.